भास्कराचार्य: समीकरणाचं अचूक उत्तर कधी आणि दशांशातलं कधी?

सिम्पायसारख्या सॉफ्टवेअरला समीकरण दिलं की उत्तर दोन प्रकारे मिळतं. 2 चं वर्गमूळ तसंच ठेवलेलं, म्हणजे सिंबॉलिक. किंवा 1.41421356 असं दशांशात, म्हणजे न्यूमेरिक. कॉलेजात मी शेततळ्याच्या मापांचा प्रोग्रॅम लिहिला, यादीतलं पहिलं उत्तर डोळे झाकून उचललं आणि तळ्याची लांबी चक्क उणे आली!

हे प्रकरण मला खरं समजलं ते भास्कराचार्यांमुळे. आमच्या सिल्लोडहून कन्नड गाठायचं आणि घाट उतरून चाळीसगावच्या बाजूला गेलं की पाटणादेवी लागते. त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी नातू चांगदेवाने इथे मठ काढला, असं पाटणचा 1207 चा शिलालेख सांगतो.

भास्कराचार्य जन्मले 1114 साली. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या 36 व्या वर्षी, 1150 मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ पूर्ण केला. लीलावती आणि बीजगणित हे त्याचेच भाग.

बीजगणितात ते न कळलेल्या संख्येला ‘या’ म्हणतात, म्हणजे यावत्तावत्. दुसरी अज्ञात संख्या आली की ‘का’, तिसरी ‘नी’: काळा, निळा अशी रंगांची नावं. न सुटणाऱ्या वर्गमुळाला ‘क’ लावून ते तसंच पुढे नेतात. सिंबॉलिक म्हणतात ते हेच!

त्यांचं एक कोडं बघा. माकडांच्या टोळीच्या पाचव्या भागातून 3 वजा करून वर्ग केला, तेवढी माकडं गुहेत गेली. 1 फांदीवर दिसलं. एकूण किती? समीकरण दोन उत्तरं देतं: 50 आणि 5. पण 5 घेतलं तर पाचवा भाग 1, त्यातून 3 गेले की उणे 2. उणे माकडं कुठून आणणार? म्हणून भास्कराचार्यांनी 5 नाकारलं. माझ्या तळ्यात मी नेमकं हेच केलं नव्हतं.

त्यांचं सगळ्यात गाजलेलं गणित: क्ष वर्ग = 61 × य वर्ग + 1, दोन्ही पूर्णांक हवेत. चक्रवाल पद्धतीने त्यांनी उत्तर काढलं: क्ष = 1766319049, य = 226153980. पुढे 1657 मध्ये फर्माने हाच 61 युरोपातल्या गणितज्ञांपुढे टाकला. आता हे उत्तर नेहमीच्या फ्लोटिंग पॉइंटमध्ये तपासून बघा. तिथे साधारण 15-16 अंकच टिकतात आणि क्ष वर्ग आहे 19 अंकी. तो शेवटचा 1 हरवतो, म्हणजे गणिताचा जीवच गेला.

मग दशांश वाईट का? अजिबात नाही. लीलावतीत वर्तुळासाठी ते 3927/1250 हे सूक्ष्म माप देतात आणि रोजच्या कामाला 22/7. पुढे 1183 मध्ये, 69 व्या वर्षी, ग्रहांची स्थानं झटपट काढता यावीत म्हणून त्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिला.

म्हणून मी आता एवढं पाळतो: शेवटपर्यंत चिन्हं सांभाळायची, उत्तर व्यवहारात बसतं का ते बघायचं, आणि दशांश अगदी शेवटी काढायचा.