कर्मवीर दादासाहेब गायकवाड : भूमिहीनांचा खासदार

२९ डिसेंबर हा कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांचा स्मृतिदिन. त्या दिवशी आपल्या मोबाईलवर त्यांचा फोटो आणि विनम्र अभिवादनाचा मजकूर फिरतो. बहुतेक तरुणांना त्यांच्याविषयी दोन गोष्टी माहीत असतात : काळाराम मंदिराचा सत्याग्रह आणि त्यांच्या नावाची सरकारी योजना. या दोन्हींच्या मधला माणूस मात्र निसटतो. जमिनीचा प्रश्न घेऊन आयुष्यभर झगडलेला हा नेता मुळशीसारख्या तालुक्यातील कार्यकर्त्याने तर नीट समजून घेतलाच पाहिजे.

भाऊराव कृष्णाजी गायकवाड यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यातल्या आंबे या गावी झाला. वतनदार महार कुटुंबांचे जगणे त्यांनी जवळून पाहिले होते. गावाची आणि सरकारची पडेल ती कामे करायची, रात्री-अपरात्री हाक आली की धावायचे, आणि त्या बदल्यात बलुते व इनामाचा लहानसा तुकडा. त्या तुकड्याला 'हक्क' म्हणत असले तरी प्रत्यक्षात तो गुलामीचा दोर होता. बाबासाहेबांनी १९२८ मध्येच मुंबई कायदेमंडळात या वतनाविरुद्ध विधेयक मांडले होते. भाऊराव ज्या चळवळीत घडले, तिच्या मुळाशी हा प्रश्न होता.

२ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला. हजारो स्त्री-पुरुषांची मिरवणूक मंदिराकडे निघाली आणि दरवाजे बंद करण्यात आले. सत्याग्रह समितीचे सचिव भाऊराव होते. बाबासाहेबांना मुंबई, लंडन, गोलमेज परिषद अशी अनेक आघाड्यांवरची कामे होती. त्यामुळे गावोगावचे सत्याग्रही जमवणे, त्यांच्या जेवणाखाण्याची सोय लावणे, मारहाण आणि बहिष्कार सोसणाऱ्या कुटुंबांच्या पाठीशी उभे राहणे, हा रोजचा भार नाशिकच्या कार्यकर्त्यांवर आणि सर्वाधिक भाऊरावांवर पडला. हे काम एक-दोन महिने नव्हे, काही वर्षे चालले. बाबासाहेबांनी त्यांना लिहिलेली पत्रे आज या काळाच्या इतिहासाचे महत्त्वाचे साधन आहेत. मंदिरप्रवेशात आता शक्ती घालवू नये, ती राजकारण आणि शिक्षणाकडे वळवावी, हा विचार बाबासाहेबांनी १९३४ मध्ये त्यांनाच पत्राने कळवला. पुढच्या वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, नाशिक जिल्ह्यातल्याच येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली.

१९३७ च्या निवडणुकीत स्वतंत्र मजूर पक्षातर्फे भाऊराव मुंबई विधानसभेवर निवडून गेले. कोकणातील खोती आणि महार वतन हे दोन्ही प्रश्न या पक्षाने विधानसभेत नेले. म्हणजे बाबासाहेबांच्या राजकारणात जमीन सुरुवातीपासून होती, ती नंतर कुणी बाहेरून आणलेली नाही. हे ध्यानात ठेवले नाही तर दादासाहेबांचे पुढचे आयुष्य कळत नाही.

१८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी खेड्यातल्या भूमिहीन माणसासाठी आपल्याला फारसे काही करता आले नाही, ही खंत बोलून दाखवली. त्याच वर्षी धम्मदीक्षा झाली आणि ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. त्याच वर्षी संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत दादासाहेब नाशिकमधून लोकसभेवर गेले. १९६२ ते १९६८ या काळात ते राज्यसभेचे सदस्य होते. देशाच्या दोन्ही सभागृहांत बसलेल्या या माणसाने खेड्याकडे मात्र पाठ फिरवली नाही.

१९५९ मध्ये त्यांनी खानदेश, नाशिक, मराठवाडा या भागांत भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला. सरकारी पडीक जमीन आणि गायरान कसणाऱ्याला द्या, ही साधी मागणी होती. याच प्रश्नावर पक्षातील मतभेद उघड झाले. बी. सी. कांबळे यांच्याभोवती जमलेल्या शिकलेल्या, शहरी गटाला सत्याग्रहाचा आणि कम्युनिस्टांसोबत जाण्याचा मार्ग मान्य नव्हता. त्यांना सनदशीर मार्ग हवा होता. दादासाहेबांच्या धोतराची आणि खेडवळ अनुयायांची टिंगल याच काळात झाली. १९५९ मध्ये पक्ष फुटला आणि 'दुरुस्त' गट वेगळा झाला. भांडण व्यक्तींचे होते, तसेच ते शहरातली नोकरी आणि गावातली मजुरी या दोन अनुभवांतलेही होते. ती दरी आजही आपल्या संघटनांमध्ये दिसते.

दुसरा मोठा सत्याग्रह ६ डिसेंबर १९६४ रोजी, महापरिनिर्वाण दिनी सुरू झाला आणि १९६५ च्या सुरुवातीपर्यंत चालला. तो देशभर पसरला. चळवळीच्या नोंदींनुसार तीन लाखांहून अधिक लोक तुरुंगात गेले. त्यात कडेवर मूल घेतलेल्या बायाही होत्या. पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींपुढे ठेवलेल्या मागण्यांत भूमिहीनांना जमीन ही मुख्य मागणी होती. बौद्ध झालेल्यांच्या सवलती आणि संसदेत बाबासाहेबांचे तैलचित्र याही मागण्या तिच्यासोबत होत्या. बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळायला १९९० साल उजाडले. जमीन तर अजून पुरती मिळालेली नाही.

दादासाहेबांच्या आयुष्यातला वादाचा भाग लपवण्याचे कारण नाही. १९६७ च्या सुमारास त्यांनी यशवंतराव चव्हाणांच्या काँग्रेसशी समझोता केला. सत्तेच्या जवळ गेल्याने गावच्या माणसाचे काम होईल, असा त्यांचा हिशेब होता. पक्षाची स्वतंत्र ताकद मात्र त्यातून वाढली नाही, उलट फुटीची वाट रुंदावली. १९६८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २९ डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी दलित पँथर उभी राहिली, आणि तिच्या रागात या तडजोडींचा वाटा होता.

आता मुळशीकडे पाहू. जमिनीची लढाई म्हटले की इथे १९२१ चा मुळशी सत्याग्रह आणि सेनापती बापट आठवतात, ते योग्यच आहे. पण धरण असो की रस्ता, मोबदल्याचा हिशेब कागदावर ज्याचे नाव आहे त्याच्याशीच होतो. ज्याचे नावच नाही, त्याचे काय, हा प्रश्न दादासाहेबांनी विचारला.

तो प्रश्न आज हिंजवडी, माण, पिरंगुट, पौडच्या परिसरात जास्त टोकदार झाला आहे. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाली आणि जमिनी नव्या शर्तीने परत देण्याची तरतूद झाली. अशी जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. तरीही थोड्या पैशात कुलमुखत्यारपत्रावर सह्या घेतल्या जातात आणि पुढच्या पिढीला ते वर्षांनी कळते. दुसरीकडे गायरान. १४ एप्रिल १९९० पूर्वीची भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ मध्ये निघाला, पण त्या तारखेआधीचा पुरावा अनेकांनी जपून ठेवलेला नाही.

आणि दादासाहेबांच्या नावाची सबळीकरण व स्वाभिमान योजना? भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत देण्याची ही योजना. २०१८ च्या शासन निर्णयात जिरायतीला एकरी पाच लाख आणि बागायतीला आठ लाख रुपयांची मर्यादा आहे. आयटी पार्कच्या सावलीत या भावात एकर सोडा, गुंठाही मिळणे कठीण. जिथे जमिनीला सर्वाधिक भाव, तिथेच भूमिहीनाची योजना कागदावर राहते.

म्हणून येत्या स्मृतिदिनी हार घालण्यासोबत एक काम करू या. आपल्या वस्तीतल्या प्रत्येक घराचा सातबारा, फेरफार, आठ-अ आणि जुन्या वतनाची नोंद काढून एका फाईलमध्ये लावू या. गायरानावर कसणाऱ्यांचे १९९० पूर्वीचे दंडाच्या पावत्यांसारखे पुरावे गोळा करू या. योजनेची दरमर्यादा तालुक्याच्या बाजारभावाशी जोडावी, असा ग्रामसभेचा ठराव करून घेऊ या. दादासाहेबांनी लाखो माणसे तुरुंगापर्यंत नेली. आपल्याला निदान तलाठी कार्यालयापर्यंत तरी जाता आले पाहिजे.

जयभीम! नमो बुद्धाय!