विश्लेषण : तेलाच्या टाक्या गोलच का असतात? कमीत कमी पोलादाचा हिशेब मांडणारे व्लादिमिर शुखोव्ह

अकोला जिल्ह्यात इंधन डेपो म्हटले की गायगावचे नाव निघते. नाशिक जिल्ह्यात मनमाडजवळचे पानेवाडी, मुंबईत शिवडी आणि माहूल. ठिकाण कोणतेही असो, टाक्या दिसतात त्याच. गोल, बुटक्या, पत्र्यावर पत्रा जोडून उभारलेल्या. अकोटच्या पंपावर रिकाम्या होणाऱ्या टँकरमधले डिझेलही वाटेत कुठे ना कुठे अशा टाकीत थांबलेले असते. आज अशी टाकी संगणकावर तासाभरात आखता येते. व्यास, उंची आणि तेलाची घनता भरली की कोणत्या थराला किती मिलिमीटर जाडीची प्लेट लागेल, हे सॉफ्टवेअर सांगते. पण त्या सॉफ्टवेअरच्या पोटातला मूळ प्रश्न एका रशियन अभियंत्याने वयाच्या पंचविशीत सोडवायला घेतला होता. त्या वेळी वेल्डिंगही नव्हते आणि संगणकही नव्हता.

शुखोव्ह कोण होते?

व्लादिमिर ग्रिगोर्येविच शुखोव्ह यांचा जन्म २८ ऑगस्ट १८५३ रोजी रशियातील ग्रायव्होरोन या छोट्या गावी झाला. गणितात ते लहानपणापासून पुढे होते. मॉस्कोच्या इम्पिरियल टेक्निकल स्कूलमधून १८७६ मध्ये ते सुवर्णपदकासह अभियंता झाले. ही संस्था आज बाउमन विद्यापीठ म्हणून ओळखली जाते. तेव्हाचे मोठे गणितज्ञ चेबिशेव्ह यांनी त्यांना आपल्याकडे सहायक म्हणून येण्यास सुचवले होते. शुखोव्ह यांनी नकार दिला. त्यांना कागदावरचे गणित लोखंडात उतरवायचे होते.

त्याच वर्षी संस्थेने त्यांना प्राध्यापकांच्या शिष्टमंडळासोबत अमेरिकेला पाठवले. फिलाडेल्फियाच्या जागतिक प्रदर्शनात त्यांनी तिथली यंत्रे पाहिली. अलेक्झांडर बारी या उद्योजक अभियंत्याशी ओळखही तिथेच झाली. परतल्यावर काही काळ त्यांनी सेंट पीटर्सबर्ग येथे रेल्वेच्या कार्यालयात आराखडे काढले. तिथल्या दमट हवेत प्रकृती ढासळली आणि क्षयाची भीती निर्माण झाली. उबदार प्रदेशात जाणे भाग होते. बारी यांना बाकूमध्ये माणूस हवाच होता. १८७८ मध्ये शुखोव्ह कॅस्पियन समुद्राच्या काठावरील या तेलनगरीत दाखल झाले.

बाकूमध्ये त्यांनी काय पाहिले?

तेल भरपूर होते, पण ते ठेवायचे कशात हा प्रश्न होता. विहिरींतून उपसलेले तेल उघड्या खड्ड्यांत साठवले जाई. काही जमिनीत मुरे, काही उडून जाई आणि कधी आग लागे. कारखान्यापर्यंतची वाहतूक पिंपांतून, गाड्यांवर लादून होत असे. पीप आणि गाडीवान यांच्यावरच मोठा खर्च होई. नोबेल बंधूंसाठी शुखोव्ह यांनी बालाखानीच्या तेलक्षेत्रापासून कारखान्यांपर्यंत सुमारे १० किलोमीटरची नळवाहिनी आखली. रशियातील ही पहिली तेलवाहिनी. हे नोबेल बंधू म्हणजे पुरस्कारामुळे नाव झालेल्या आल्फ्रेड यांचे भाऊ.

नळवाहिनीचे तेल सतत येते, त्यामुळे ते झेलणारी टाकीही भक्कम हवी. तेव्हा काही ठिकाणी चौकोनी टाक्या जाड पायावर बसवल्या जात. सपाट भिंतीवर द्रवाचा दाब आला की ती फुगते, वाकते. मग तिला आधार द्या, पट्ट्या लावा, पत्रा जाड करा. लोखंड वाढत जाते.

गोल टाकीत वेगळे काय घडते?

गोल भिंत वाकत नाही, ताणली जाते आणि ताण सोसण्यात पोलाद पटाईत असते. उदाहरण घेऊ. २० मीटर व्यासाची, १२ मीटर उंच टाकी. तिच्यात सुमारे ३७ लाख लिटर डिझेल मावते. तळाशी दाब साधारण १०० किलोपास्कल, म्हणजे आपल्या डोक्यावरच्या हवेच्या दाबाइतका. ऐकायला फार वाटत नाही. पण हा दाब १० मीटर त्रिज्येवर पडतो, तेव्हा भिंतीच्या तळाकडच्या एक मीटर रुंद पट्ट्यावर जवळपास १०० टनांची ओढ बसते. ती सोसायला किती जाडी लागते? पोलादाला १६० मेगापास्कलपर्यंत ताणू द्यायचे ठरवले तर जेमतेम सव्वासहा मिलिमीटर. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला हूप स्ट्रेस घोकलेल्यांना हे समीकरण आठवेल. परीक्षेत ते दोन ओळींत संपते, म्हणून त्याचे मोल कळत नाही.

वर जावे तसा दाब कमी होतो, मग वरची प्लेट तेवढीच जाड कशाला? शुखोव्ह यांनी भिंत थराथरांनी पातळ होत जाणारी केली. बुडाच्या बाबतीतही तोच विचार. खाली जाड पाया बांधण्याऐवजी वाळूचा सपाट थर द्यायचा आणि त्यावर पातळ पत्र्याचे बूड अंथरायचे. तेलाचे वजन पत्र्यातून थेट वाळूत, वाळूतून जमिनीत उतरते. पत्र्याचे काम फक्त गळती रोखण्याचे.

यानंतर त्यांनी विचारलेला प्रश्न खरा मोलाचा. अमुक इतके तेल साठवायचे असेल तर टाकी उंच व निमुळती करावी की बसकी व रुंद? उंच केली तर भिंतीला जास्त लोखंड लागते, रुंद केली तर बूड आणि छताला. मधला बिंदू कुठे? १८८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात त्यांनी उत्तर मांडले. भिंतीची जाडी सर्वत्र सारखी असेल, तर बूड व छताचे मिळून लोखंड भिंतीच्या निम्मे असताना वजन सर्वांत कमी भरते. भिंत खालून वर पातळ होत जाणारी असेल, तर दोन्ही बाजू समसमान असताना.

या दुसऱ्या निष्कर्षातून एक गंमत निघते. सर्वांत किफायतशीर उंची टाकीत किती तेल मावणार यावर अवलंबूनच नसते. ती ठरते पोलादाची ताकद, तेलाचे वजन आणि बूड-छताची जाडी यांवर. बूड आणि छत मिळून ११ मिलिमीटर धरले, वरच्याच ताकदीचे पोलाद घेतले, तर डिझेलसाठी ही उंची १४ मीटरच्या आसपास येते. दुप्पट तेल ठेवायचे? उंची तीच ठेवा, घेर वाढवा. जागेची टंचाई आणि जमिनीची ताकद यांमुळे प्रत्यक्षात आकडा हलतो. तरी डेपोतल्या टाक्या मनोऱ्यासारख्या उंच न दिसता भाकरीच्या चवडीसारख्या बसक्या का दिसतात, याचे मुख्य कारण हेच.

कंजूषपणा की अभियांत्रिकी?

रशियात तेव्हा लोखंड महाग होते. वाचलेला प्रत्येक पूड, म्हणजे सोळा किलो लोखंड, थेट नफ्यात जाई. १८८० मध्ये बारी यांनी मॉस्कोत स्वतःचे बांधकाम कार्यालय काढले आणि शुखोव्ह तिथले मुख्य अभियंता झाले. १८८१ पर्यंत बाकूत १३० टाक्या उभ्या राहिल्या. १९१७ पर्यंत रशियाभर अशा २० हजारांहून अधिक टाक्या झाल्या. त्या सगळ्या रिव्हेट ठोकून जोडलेल्या होत्या. बाकूचे रॉकेल पुढे हिंदुस्थानातही आले. १८९२ मध्ये म्युरेक्स हे टँकर जहाज रशियन रॉकेल घेऊन सुएझ कालव्यातून पूर्वेकडे निघाले. डब्यांऐवजी जहाजाच्या टाकीतून बंदरावरच्या टाकीत, अशी ही नवी पद्धत होती. किनाऱ्यावर मोठी टाकी असल्याशिवाय हे जमलेच नसते.

टाक्या हा शुखोव्ह यांच्या कामाचा केवळ एक भाग. जड तेल वाफेने फवारून जाळणारा बर्नर, व्होल्गा नदीवरच्या तेलाच्या नौका, बॉयलर, पूल, रेल्वे स्थानकांची छते अशी यादी मोठी आहे. जड तेल उष्णता आणि दाबाखाली तोडून हलके इंधन काढण्याच्या क्रॅकिंग पद्धतीचे पेटंट त्यांनी गाव्रिलोव्ह यांच्यासोबत १८९१ मध्ये घेतले. पेट्रोलवर धावणारी मोटार तेव्हा रस्त्यावर जवळपास नव्हतीच, त्यामुळे त्याचा उपयोग कुणाला सुचला नाही. सरळ सळ्या तिरक्या विणून कमरेत बारीक होणारा जाळीदार मनोरा हीदेखील त्यांचीच देणगी. निझनी नोव्हगोरोदच्या १८९६ च्या प्रदर्शनात त्यांनी असा पाण्याचा मनोरा उभारला. औष्णिक वीज केंद्रांत दिसणाऱ्या अवाढव्य शीतकरण मनोऱ्यांचा घाटही भूमितीच्या भाषेत तोच. सगळीकडे हट्ट एकच, कमी पोलादात काम झाले पाहिजे.

हाच हट्ट त्यांच्या जिवावर कसा आला?

क्रांतीनंतर बारी यांची कंपनी सरकारजमा झाली. मालक कुटुंब गेले, शुखोव्ह राहिले आणि कामगारांनी त्यांनाच प्रमुख निवडले. १९१९ मध्ये लेनिन यांच्या सरकारने मॉस्कोत रेडिओ मनोरा बांधण्याचे काम त्यांच्याकडे दिले. शुखोव्ह यांचा आराखडा ३५० मीटरचा होता, आयफेल टॉवरपेक्षा उंच आणि तरी त्याहून बराच हलका. यादवी युद्धात पोलाद मिळेना, म्हणून तो १५० मीटरवर आला.

एकेक भाग जमिनीवर जोडायचा आणि खालच्या भागाच्या आतून दोरांनी वर खेचायचा, अशी पद्धत होती. जून १९२१ च्या अखेरीस चौथा भाग वर चढवताना दोर तुटला. तो भाग कोसळला आणि खालच्या भागांनाही त्याने दुखापत केली. चौकशीत दोष धातूच्या थकव्याचा निघाला, आराखड्याचा नव्हे. तरीही शुखोव्ह यांना मृत्युदंड सुनावण्यात आला आणि काम पूर्ण करण्याच्या अटीवर तो स्थगित ठेवण्यात आला. वय ६७. डोक्यावर ही तलवार असताना त्यांनी मनोरा पुन्हा उचलायला घेतला. मार्च १९२२ मध्ये त्यावरून प्रसारण सुरू झाले. मॉस्कोच्या शाबोलोव्हका भागात तो आजही उभा आहे.

पुढे मान मिळाला. १९२९ मध्ये लेनिन पारितोषिक आणि विज्ञान अकादमीचे मानद सदस्यत्व. १९३२ मध्ये समरकंदमधील उलुघ बेग मदरशाचा कललेला मिनार त्यांच्या योजनेनुसार सरळ करण्यात आला. २ फेब्रुवारी १९३९ रोजी, वयाच्या ८५ व्या वर्षी, भाजल्याच्या जखमांमुळे मॉस्कोत त्यांचे निधन झाले.

मग आज सॉफ्टवेअर नेमके काय करते?

शुखोव्ह यांच्या उतारवयातच रिव्हेटची जागा वेल्डिंग घेऊ लागले. सांधे घट्ट झाले, गळती घटली, पण नवी जोखीम आली. रिव्हेटच्या टाकीत प्लेटला पडलेली चीर बऱ्याचदा सांध्यापाशी थांबे. वेल्ड केलेली टाकी एकसंध असल्याने चीर थेट पुढे पळू शकते. म्हणून पोलादाची प्रत, थंडीतला त्याचा ठिसूळपणा आणि वेल्डची तपासणी हे सगळे हिशेबात आले. भारतात अशा टाक्यांसाठी आयएस ८०३ हे मानक आहे, जगभर अमेरिकेचे एपीआय ६५० वापरले जाते. सॉफ्टवेअर प्रामुख्याने ही मानके धडाधड चालवते. एपीआयची एक सोपी पद्धत तर शुखोव्ह यांच्याच समीकरणाची पुढची पायरी आहे. प्रत्येक थराच्या खालच्या कडेपासून एक फूट वर दाब मोजायचा, कारण अगदी कडेला बुडाची किंवा खालच्या जाड थराची प्लेट भिंतीला आवळून धरते.

त्यापुढची कामे हाताने करायला फार वेळ जाई. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी वाऱ्याला जास्त घाबरते, तेव्हा वरच्या कडेला किती मजबूत पट्टा हवा? भूकंपात आतले तेल हिंदकळले तर टाकी एका बाजूने उचलली जाईल का? तेल उपसताना हवा आत घेणारा व्हेंट अडकला, तर भिंत रिकाम्या डब्यासारखी चेपेल का? वऱ्हाडात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा पेट्रोलची वाफ किती उडेल आणि तेलावर तरंगणारे छत बसवणे परवडेल का? हे सगळे पर्याय आता एकापाठोपाठ एक तपासता येतात.

हिशेबच नीट झाला नाही तर काय होते, ते बोस्टनमध्ये दिसले. १५ जानेवारी १९१९ रोजी तिथली काकवीची टाकी फुटली आणि २१ जणांचा जीव गेला. भिंत हवी त्यापेक्षा पातळ होती आणि पूर्ण पाणी भरून चाचणीही घेतलेली नव्हती. नवी टाकी आधी पाण्याने भरून पाहतात, कारण पाणी डिझेलपेक्षा जड असते. वरच्या उदाहरणातल्या टाकीत ही चाचणी करताना प्रत्येक चौरस मीटर जमिनीवर १२ टन वजन येते.

ही जमीन कशी आहे, हे मात्र सॉफ्टवेअरला माणसानेच सांगावे लागते. अकोट-तेल्हाऱ्याची काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. कपाशीला ती मानवते, टाकीला नाही. अशा ठिकाणी काळी माती काढून मुरूम किंवा वाळू दाबून भरतात, नाहीतर खोल पाया घेतात. बूड सगळीकडून सारखे खचले तर टाकी बहुधा निभावून नेते. एका बाजूने खचले तर भिंत पिळवटते, वेल्डवर ताण येतो. २९ मे २०२० रोजी रशियातल्याच नोरिल्स्क शहरात डिझेलच्या टाकीखालचा आधार खचला आणि सुमारे २० हजार टन डिझेल माती व नद्यांत गेले. म्हणूनच टाकीच्या आराखड्यासोबत मातीच्या चाचणीचा अहवाल मागतात. टाकी भरल्यानंतरही तिच्या कडेच्या ठरावीक बिंदूंची पातळी दुर्बिणीने पुन्हा पुन्हा मोजली जाते.