तंबाखूचा पैसा आणि खेड्यातली शाळा

माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात शिकलेल्या मराठी विद्यार्थ्यांना मॅक्डॉनल्ड हे नाव तेथील इमारतींवरून परिचयाचे असते. अर्नेस्ट रदरफर्ड यांनी ज्या भौतिकशास्त्र इमारतीत किरणोत्सारावर मूलगामी संशोधन केले, ती सर विल्यम मॅक्डॉनल्ड यांच्याच देणगीतून उभी राहिली होती. मात्र याच गृहस्थाने उत्तरायुष्यात खेड्यांतील एकशिक्षकी शाळांचा ध्यास घेतला होता, हे आज फारसे कोणाच्या स्मरणात नाही.

१० फेब्रुवारी १८३१ रोजी प्रिन्स एडवर्ड आयलंडवरील ग्लेनलॅडेल येथे त्यांचा जन्म झाला. घराणे स्कॉटिश जमीनदाराचे. तरीही तरुण वयातच त्यांनी घर सोडले, बोस्टनमध्ये कारकुनी केली आणि पुढे माँट्रियल गाठले. १८५८ मध्ये भाऊ ऑगस्टीन यांच्यासह त्यांनी तंबाखूचा व्यवसाय आरंभला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात तो भरभराटीला आला आणि मॅक्डॉनल्ड कॅनडातील अतिधनाढ्यांपैकी एक झाले. गंमत अशी की, तंबाखूची त्यांना स्वतःला मनापासून घृणा होती. ते अविवाहित राहिले, राहणी अत्यंत साधी ठेवली आणि विद्यापीठाचे शिक्षण न घेताही मॅकगिलला कोट्यवधी डॉलर दिले. १८९८ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला.

त्यांची दृष्टी खेड्यांकडे वळवली ती जेम्स रॉबर्टसन यांनी. रॉबर्टसन हे केंद्र सरकारचे कृषी व दुग्धव्यवसाय आयुक्त. चांगले बियाणे निवडण्याची सवय शेतकऱ्यांच्या मुलांना लागावी म्हणून १८९९ मध्ये त्यांनी पदरचे १०० डॉलर बक्षिसासाठी ठेवले. उत्तम कणसे पाठवणारी मुलांची पत्रे येऊ लागली. ते पाहून मॅक्डॉनल्ड यांनी १०,००० डॉलर दिले आणि तीन वर्षांची बियाणे-स्पर्धा देशभर सुरू झाली. कॅनडातील बियाणे उत्पादकांची संघटना १९०४ मध्ये स्थापन झाली, तिचे मूळ या मुलांच्या शेतात आहे.

त्या काळातील ग्रामीण शाळा म्हणजे एक खोली, एक शेगडी, आठ इयत्ता आणि बहुधा विशीच्या आतबाहेरची एक शिक्षिका. पगार तुटपुंजा, त्यामुळे वर्षभरात ती दुसरीकडे जाई. अभ्यास घोकंपट्टीचा, त्यात शेत, माती, पीक यांना स्थान नव्हते. १८६७ च्या घटनेनुसार शिक्षण हा प्रांतांचा विषय असल्याने केंद्राच्या आयुक्ताला शाळेत हात घालता येत नव्हता. ही अडचण खाजगी पैशाने दूर केली. १९०० पासून मॅक्डॉनल्ड यांच्या निधीतून प्रांतोप्रांती सुतारकाम व हस्तकौशल्याचे वर्ग निघाले. त्यानंतर पूर्वेकडील पाच प्रांतांत शाळेच्या बागा आल्या. प्रत्येक मुलाला स्वतःचा वाफा, शिवाय तुलनेसाठी वेगळे वाफे: निवडलेले बी आणि न निवडलेले, औषध फवारलेला बटाटा आणि न फवारलेला. प्रशिक्षित फिरता शिक्षक एका शाळेतून दुसरीकडे जाई. गणित, निबंध, चित्रकला हे सारे त्या वाफ्यातूनच शिकवले जाई. आजच्या भाषेत ज्याला कृतीतून शिक्षण म्हणतात, ते हेच.

तिसरी योजना सर्वांत धाडसी होती. आसपासच्या छोट्या शाळा बंद करून एक मोठी समूह शाळा उभारायची आणि मुलांना घोडागाडीने, हिवाळ्यात बर्फावरील घसरगाडीने, तेथे आणायचे. नोव्हा स्कॉशियात मिडलटन येथे १९०३ मध्ये पहिली शाळा उघडली. पाठोपाठ न्यू ब्रन्सविकमध्ये किंग्स्टन, ऑन्टॅरिओत ग्वेल्फ आणि १९०५ मध्ये जन्मभूमीच्या बेटावर हिल्सबरो. जुन्या शाळांचा जो खर्च होता तो गावांनी द्यायचा, वरचा भार तीन वर्षे निधीने उचलायचा, असे सूत्र होते. मुलांची हजेरी वाढली, इयत्तावार वर्ग झाले, बाग, स्वयंपाकघर आणि कार्यशाळा आल्या. शिक्षक घडवण्यासाठी अ‍ॅडिलेड हूडलेस यांच्या आग्रहाने ग्वेल्फ येथे मॅक्डॉनल्ड इन्स्टिट्यूट आणि १९०७ मध्ये सेंट-अ‍ॅन-द-बेलव्यू येथे मॅक्डॉनल्ड कॉलेज उभे राहिले.

मुदत संपल्यावर मात्र खरा प्रश्न उभा राहिला. इमारत एकदाच बांधावी लागते. गाड्यांचे भाडे आणि शिक्षकांचे पगार दरवर्षी द्यावे लागतात. शेतकऱ्यांना मुले शिकावी असे वाटत नव्हते, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. वसंतातील चिखलात रुतणाऱ्या गाड्या, दारातली शाळा गेल्याची खंत आणि वाढीव कर यांचा हिशेब त्यांनाच करायचा होता, आणि प्रांतिक सरकारांनी तो भार स्वतःवर घेण्याची पुरेशी तयारी दाखवली नाही. फिरत्या शिक्षकांवाचून अनेक बागा तणाने भरल्या. हिल्सबरोची शाळा १९१२ मध्ये बंद पडली आणि मुले पुन्हा आपापल्या एका खोलीत परतली. तेव्हा मॅक्डॉनल्ड ८१ वर्षांचे होते.

२०२३ मध्ये महाराष्ट्रात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूह शाळांचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा वाहतूक कोण करणार आणि किती वर्षे, हीच विचारणा गावागावांतून झाली होती.

मॅक्डॉनल्ड १९१४ मध्ये मॅकगिलचे कुलपती झाले आणि ९ जून १९१७ रोजी माँट्रियलमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या बेटाने छोट्या शाळांचे एकत्रीकरण व्यापक प्रमाणात हाती घेतले ते त्यांच्या मृत्यूनंतर अर्ध्या शतकाने, डांबरी रस्ते आणि पिवळ्या बसगाड्या आल्यावर. ग्वेल्फच्या समूह शाळेच्या इमारतीत आज कलादालन आहे. न्यू ब्रन्सविकमधील किंग्स्टनला मात्र त्यांच्या नावाच्या शाळेत अजूनही मुले येतात.