आसनांना मोजपट्टी लावणारे स्वामी

मोबाइलवर पाहून आसने सुरू केली आणि गुडघा धरला, अशी तक्रार घेऊन ओपीडीत रुग्ण येतात. दुसरीकडे, आसनांनी कोणताही आजार बरा होतो अशी ठाम श्रद्धा असणारेही भेटतात. दोघांनाही मी एका माणसाची गोष्ट सांगतो. आसन करताना शरीरात नेमके काय घडते, हे त्याने शंभर वर्षांपूर्वी यंत्रे लावून तपासले होते.

जगन्नाथ गणेश गुणे म्हणजेच स्वामी कुवलयानंद. जन्म १८८३चा, गुजरातमधील डभोईचा. तरुणपणी बडोद्याला प्रोफेसर माणिकराव यांच्या आखाड्यात त्यांनी १९०७ ते १९१० अशी तीन वर्षे देशी व्यायामाचे धडे घेतले. पुढे खानदेशात अंमळनेरला शिक्षणकार्य केले. नर्मदाकाठी मालसर येथे परमहंस माधवदास महाराजांकडे ते योग शिकले. गुरूंवर निष्ठा होती, तरी मनातला प्रश्न सुटत नव्हता: हे सारे शरीरात घडते कसे?

उत्तर शोधायला ते १९२०च्या सुमारास बडोद्याच्या रुग्णालयात गेले. उड्डियान आणि नौली करणाऱ्यांचे क्ष-किरण चित्रण त्यांनी केले. नौलीत श्वास पूर्ण सोडून पोट आत ओढतात आणि पोटाचे मधले स्नायू तेवढे उभ्या दोरासारखे पुढे काढतात. त्या वेळी मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होतो, हे त्यांना मोजमापातून आढळले. बस्ती क्रियेत पाणी आपोआप वर कसे चढते, याचा उलगडा त्यातून झाला. या कमी दाबाला त्यांनी गुरूंचे नाव दिले.

१९२४मध्ये त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम उभारले आणि 'योगमीमांसा' हे त्रैमासिक काढले. सर्वांगासनात रक्तदाब किती बदलतो, प्राणायामात श्वासातील वायूंचे प्रमाण काय असते, असे प्रयोग तेथे चालत. प्राणायामामुळे शरीराला पुष्कळ जास्त प्राणवायू मिळतो, ही समजूत मोजणीत टिकली नाही. त्यांनी ते उघडपणे मांडले. योगाचा प्रचारक असूनही सोयीचे नसलेले उत्तर दडवले नाही, हे त्यांचे मोठेपण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. १९६६मध्ये त्यांचे निधन झाले.

आज हालचालींचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळांत कॅमेरे, पायाखालचा भार मोजणाऱ्या पट्ट्या आणि स्नायूंचे विद्युत आलेख असतात. साधने बदलली, प्रश्न तोच आहे: या हालचालीत कोणत्या सांध्यावर किती भार येतो?

हा प्रश्न आपणही विचारावा. गुडघा जितका जास्त वाकतो, तितका वाटीमागे दाब वाढत जातो. म्हणून झीज झालेल्या गुडघ्याला वज्रासनाचा आग्रह धरू नये. काचबिंदू किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असल्यास शीर्षासन टाळावे. मानेचा आजार असेल तर सर्वांगासनाआधी डॉक्टरांना विचारावे. हाडे ठिसूळ झाली असतील, तर कमरेतून जोराने पुढे वाकू नये. बाकीच्यांनी जाणकारासमोर शिकून, हळूहळू आसने जरूर करावीत. दुखले तर मात्र थांबावे. सर्वसामान्यांच्या घरी क्ष-किरण यंत्र नसते, पण वेदना ही शरीराने केलेली नोंदच असते. ती दडवू नये.