आडोल्फ बुटेनांट

मूत्र हा शब्द वर्गात उच्चारला की मागल्या बाकांवर खसखस पिकते. आपल्या जुन्या वैद्यांस मात्र त्याचा संकोच नव्हता; योगरत्नाकरातील अष्टविध परीक्षेत नाडीच्या पाठोपाठ मूत्राचेच नाव येते. या उपेक्षित द्रव्यातून शरीराचे एक मोठे गूढ ज्यांनी उकलले, त्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाचा परिचय आम्ही येथे करून देत आहो.

आडोल्फ बुटेनांट यांचा जन्म २४ मार्च १९०३ रोजी ब्रेमरहाफेननजीक लेहे येथे झाला. गटिंगेन विद्यापीठात विंडाउस या थोर गुरूंच्या हाताखाली ते तयार झाले. स्त्रीत्व व पुरुषत्व घडविणारे सूक्ष्म रस काही ग्रंथी रक्तात सोडतात, एवढे तेव्हा ठाऊक होते. ते रस शुद्ध रूपात कोणाच्या हाती आले नव्हते. शरीर ते अखेरीस मूत्रावाटे टाकते. १९२९ साली गर्भवती स्त्रियांच्या मूत्रातून बुटेनांट यांनी ईस्ट्रोनचे स्फटिक मिळविले. पुढे त्यांच्या पत्नी झालेल्या एरिका यांनी या कामी प्राण्यांवरील चाचण्या केल्या. अमेरिकेत डॉइसी यांनीही त्याच वर्षी, स्वतंत्रपणे, तेच साधले.

खरी तपश्चर्या पुढेच होती. बर्लिनच्या पोलिसांचे सुमारे १५,००० लिटर मूत्र गोळा करण्यात आले. विद्यार्थ्यांनी पाण्याच्या टँकरची रांगच डोळ्यांपुढे आणावी! ते सारे आटवून व शुद्ध करून १९३१ साली हाती आले ते अँड्रोस्टेरोन अवघे १५ मिलिग्रॅम. चिमूटभर मीठही याहून पुष्कळ जड भरेल.

१९३९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना व रुझिच्का यांना विभागून जाहीर झाले. परंतु हिटलरने जर्मनांस ते घेण्याची बंदी केली होती. बुटेनांट यांना ते नाकारावे लागले. पदक व मानपत्र त्यांना १९४९ साली मिळाले, रक्कम मिळाली नाही. तथापि याच बुटेनांट यांनी १९३६ साली नाझी पक्षाचे सभासदत्व पत्करले होते. ही गोष्ट झाकून त्यांचे चरित्र सांगणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

१९३५ साली त्सिमरमान यांनी अँड्रोस्टेरोनच्या जातीच्या द्रव्यांना जांभळा रंग आणणारी रासायनिक क्रिया दाखविली. रंग जितका गडद, तितके द्रव्य अधिक. मग हजारो लिटरांची गरज उरली नाही. मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथीच्या काही गाठींत हे प्रमाण वाढते, ॲडिसनच्या रोगात घटते. आज उपकरणे अधिक सूक्ष्म झाली आहेत. पण चेहरा गोल सुजलेला व रक्तदाब चढलेला रुग्ण आला की कॉर्टिसोल मोजण्यासाठी डॉक्टर अजूनही चोवीस तासांचे मूत्र साठवून आणावयास सांगतात. शनवाऱ्यातील एखाद्या घरी अशी बरणी दिसली, तर कोणी नाक मुरडू नये.

कापडावर पोसलेल्या आपल्या बऱ्हाणपुरास आणखी एक गोष्ट रुचेल. १९५९ साली बुटेनांट यांनी रेशमाच्या पाच लाख माद्या-पतंगांपासून नरास आकर्षिणारे गंधद्रव्य वेगळे केले. १८ जानेवारी १९९५ रोजी म्युनिक येथे ते निवर्तले.