रामन यांनी प्रवेश नाकारलेल्या मराठी मुलीनं बटाट्यात काय शोधलं?

गोष्ट १९३३ सालची. मुंबई विद्यापीठात बीएस्सीला पहिल्या आलेल्या कमला भागवत यांनी बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये अर्ज केला. वडील आणि काका तिथंच रसायनशास्त्र शिकलेले. पण संचालक होते नोबेल विजेते सी. व्ही. रामन. त्यांनी अर्ज फेटाळला. कारण एकच, अर्ज मुलीचा होता.

१९११ साली जन्मलेल्या कमला या लेखिका दुर्गा भागवत यांच्या धाकट्या बहीण. त्या गप्प बसल्या नाहीत. थेट बंगळूर गाठून त्यांनी सत्याग्रहाचा मार्ग धरला. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटी घालून. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता नाही, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीसुद्धा काम, आणि मुलांचं लक्ष विचलित होता कामा नये! अपमान गिळून त्यांनी दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम केलं. वर्षभरात रामन यांचं मत बदललं. संस्थेचं दार पुढच्या मुलींसाठीही उघडलं.

१९३७ मध्ये त्या केंब्रिजला गेल्या. तिथं बटाट्यावर काम करताना त्यांना सायटोक्रोम सी हे प्रथिन वनस्पतींच्या पेशींमध्येही असल्याचं आढळलं. हे लोहयुक्त प्रथिन पेशीत इलेक्ट्रॉनची ने-आण करतं. त्यातूनच अन्नातली ऊर्जा पेशीला वापरता येते. म्हणजे आंबेगावच्या सातगाव पठारावरचा बटाटा असो, वारूळवाडीच्या शिवारातला टोमॅटो असो की तुम्ही-आम्ही, श्वसनाची यंत्रणा मुळात एकाच जातीची. अवघ्या १४ महिन्यांत, जेमतेम ४० पानांच्या प्रबंधावर त्यांना पीएचडी मिळाली.

या प्रथिनाची गोष्ट तिथं संपली नाही. हेच प्रथिन मायटोकॉन्ड्रियातून बाहेर पडलं, तर प्राण्यांच्या पेशीला मरणाचा आदेश देतं, हे १९९६ मध्ये समजलं. २०१० मध्ये आणखी एक गोष्ट कळली. पेशीत प्रथिनं बनवायला मदत करणारे टीआरएनए रेणू त्याला चिकटतात आणि तो आदेश रोखू शकतात. आरएनएशी जोडलं जाणं हा पेशीच्या जगण्या-मरण्याचा प्रश्न ठरू शकतो, तो असा.

१९३९ मध्ये कमलाबाई भारतात परतल्या. दिल्ली आणि कुन्नूरला काम केल्यावर, १९४७ मध्ये लग्न होऊन सोहोनी झालेल्या कमलाबाई मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये आल्या आणि पुढं तिथल्या संचालक झाल्या. गरिबाच्या ताटात असणारी कडधान्यं आणि नीरा यांच्या पोषणमूल्यावर त्यांनी विद्यार्थ्यांसह संशोधन केलं. नीरेवरच्या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. भेसळीविरुद्ध लढणाऱ्या ग्राहक चळवळीतही त्या उतरल्या. १९९८ मध्ये त्यांचं निधन झालं.

आज अकरावीच्या जीवशास्त्रात सायटोक्रोम सी शिकताना बाईंचं नावही मुलांना सांगायला हवं.