बोलत्या यंत्राचा जनक : वोल्फगांग फॉन केम्पेलेन

हात्सुने मिकू ही जगप्रसिद्ध गायिका आहे. पण ती कधी जन्मलीच नाही. २००७ साली जपानमधील साप्पोरोच्या एका कंपनीने तिला संगणकावर घडवले. आपल्याला हे नवल आजचे वाटते. परंतु यंत्राच्या तोंडी माणसाची वाणी घालण्याचा ध्यास जुना आहे. त्या ध्यासापायी वीस वर्षे वेचणाऱ्या माणसाची ही ओळख.

वोल्फगांग फॉन केम्पेलेन यांचा जन्म २३ जानेवारी १७३४ रोजी प्रेसबर्ग, म्हणजे आजच्या ब्रातिस्लाव्हा येथे झाला. सम्राज्ञी मारिया थेरेसा यांच्या पदरी ते मोठे अधिकारी होते. कारभार सांभाळून त्यांनी यंत्रांचा छंद जोपासला.

१७७० साली त्यांनी दरबारात बुद्धिबळ खेळणारा लाकडी तुर्क सादर केला. पेटीची दारे उघडली की आत चाकेच चाके दिसत. तुर्क भल्याभल्यांना हरवी. वास्तविक पेटीत एक कसलेला खेळाडू दडून बसलेला असे! या हातचलाखीने केम्पेलेन यांना युरोपभर कीर्ती दिली.

त्यांचे खरे काम मात्र दुसरेच होते. १७६९ च्या सुमारास त्यांनी बोलणारे यंत्र करायला घेतले. आपल्या बाजाच्या पेटीला असतो तसा भाता फुप्फुसांच्या जागी होता. कंठाच्या जागी कंप पावणारी पट्टी, तोंडाच्या जागी लवचीक नरसाळे आणि नाकपुड्यांसाठी दोन नळ्या होत्या. एका हाताने भाता दाबायचा, दुसऱ्याने नरसाळे कमीजास्त झाकायचे; की यंत्रातून लहान मुलासारखा आवाज उमटे. स्वर एकच होता, त्यामुळे त्याला गाता येत नव्हते. पण येथे फसवणूक नव्हती. माणूस बोलतो कसा, हे समजून घेतल्याखेरीज असे यंत्र होणे शक्यच नव्हते.

१७९१ साली व्हिएन्नात त्यांनी ग्रंथ प्रसिद्ध करून यंत्राची सारी रचना आकृत्यांसह जगापुढे ठेवली. तुर्काचे गुपित जपणाऱ्या माणसाने हे ज्ञान मात्र मोकळ्या हाताने वाटले. २६ मार्च १८०४ रोजी त्यांचे निधन झाले.

पुढे तुर्क १८५४ साली फिलाडेल्फियात आगीत भस्म झाला. ग्रंथ मात्र फळाला आला. त्याच्या आधारे इंग्लंडमध्ये चार्ल्स व्हीटस्टन यांनी तसेच यंत्र बनवले. ते १८६३ साली अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल या मुलाने पाहिले आणि भावाच्या मदतीने स्वतःही एक बोलते डोके तयार केले. हाच मुलगा पुढे टेलिफोनचा जनक झाला. त्याच्या नावाच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेत १९६१ साली घसा व तोंड यांची पोकळी गणिताने मांडून संगणकाकडून गाणे म्हणवून घेतले गेले. केम्पेलेन यांचे नरसाळे आता आकड्यांत आले होते!

मिकूचा आवाजही शून्यातून आलेला नाही. साकी फुजिता या अभिनेत्रीच्या आवाजाचे तुकडे जोडून तो बनला, आणि तिचे नाव सर्वांना ठाऊक आहे. तुर्काच्या पेटीतला माणूस मात्र लपवला होता. यंत्रामागचा माणूस दडवायचा की सांगायचा, हा प्रश्न आजही आपल्यापुढे आहे.

ज्यांच्या घरात पूर्वी पुस्तक नव्हते, अशा आमच्यासारख्यांना या चरित्रातून एक गोष्ट मनोमन पटते : चमत्कार चार दिवस टाळ्या मिळवतो, लिहून ठेवलेले ज्ञान अनोळखी मुलाच्या हाती जाऊन पुन्हा बोलू लागते.